नळीचं दुसरं टोक

खारट लागलं. आधी फक्त तेवढंच कळलं, आणि मग कळलं की हे खारट माझं नाही. जीभ चावली की येतं ते रक्त कोमट असतं, ओळखीचं असतं. हे गार होतं, जरासं बुळबुळीत, आणि दुसऱ्या कुणाचं तरी होतं. स्टेशनाजवळच्या कोळशाच्या वखारीत एक मुनीम आहेत. हळदीत लोळून आल्यासारखे पिवळे होऊन सकाळी ते आले होते आणि श्रीपादकाकांनी त्यांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढलं होतं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळं पाणी साचतं त्याला सीरम म्हणतात. ते मी काचेच्या नळीनं ओढत होते. तोंडानं. तसंच ओढतात. नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं ओठांत, डोळा नळीवरच्या बारीक रेघेवर, आणि पाणी रेघेला टेकलं की वर चटकन बोट दाबायचं. ह्या कामाला काकांनी मला दिवाळीनंतर कुठे हात लावू दिला होता, आणि अख्ख्या अकरावीत असलं काही करणारी मी एकटीच, तेव्हा ओढत होते ती भलत्याच ऐटीत. तेवढ्यात शेवंती म्हणाली, "सुहास गो, तुझा तोंड बघ, बोंबलावानी झालाय!" आणि मला हसू आलं. हसायच्या आधी माणूस श्वास आत घेतो, हे मला त्या क्षणी कळलं. कुठल्याही पुस्तकात कसं नाही हे?

काकांनी दुर्बिणीवरचं डोकं अर्धवट वर केलं. दुर्बीण म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र, पण ते काकासुद्धा म्हणत नाहीत. "थुंक," म्हणाले. "चूळ भर. आणि पुन्हा ओढ, बुडबुडा राहिला असेल." मोरीत जाऊन मी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि परत आले तर काका माझ्यासाठी नळी धरून उभे. तीच नळी! नुसती पाण्यातून काढलेली. "अगं, मी पंधरा-वीस वर्षं ओढतोय. किती वेळा तोंडात आलं असेल. मेलो का?" मी नळी हातात घेतली म्हणून त्यांना वाटलं पटलं. मग आवाज खाली आणून, "आणि हे बघ, वहिनीला सांगू नकोस हं. सांगितलंस तर तुझं इथलं येणं बंद, आणि मलाही जेवायला बसल्यावर दोन घास सुखानं मिळायचे नाहीत." वहिनी म्हणजे माझी आई. काका माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, बी.एस्सी., बिनलग्नाचे. मुंबईच्या एका इस्पितळात कामं करून करून कंटाळले आणि ठाण्याला येऊन चेंदणीच्या कोपऱ्यावर माडीवरच्या दोन खोल्यांत लॅबोरेटरी काढून बसले. राहतात तिथंच मागच्या खोलीत आणि जेवतात आमच्याकडे. गावात कुणाला साखर, कुणाला हिवताप, कुणाला क्षय, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना ठाऊक असतं. मला ते फार म्हणजे फार आवडतात, आणि त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाला दंडाला धरून गदागदा हलवावं.

कारण काका काळजी घेत नाहीत असं म्हणायची सोयच नाही! घेतात. इतकी घेतात की पाहणाऱ्याला वीट यावा. पाणी प्यायचं ते वरून, भांड्याला ओठ न लावता, मान मागे टाकून, गटगट. उष्टं म्हणजे त्यांच्या मते सगळ्या रोगांचं माहेर. त्यांच्या चहाच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलाय, का तर शेवंतीच्या कपात अदलाबदल होऊ नये. दिल्लीला काविळीची मोठी साथ आली, पाण्यातून आली, असं वर्तमानपत्रात वाचल्यापासून लॅबोरेटरीतलं पिण्याचं पाणी दोनदा उकळतं. बर्फाच्या पेटीत लोकांच्या रक्ताच्या बाटल्या, त्यांच्या शेजारी पुठ्ठ्याच्या डब्यांतून तपासायला आलेलं, ज्याचं नावही घेऊ नये असं काहीबाही, आणि त्याच फळीवर काकांचं चहाचं दूध. ते चालतं. पण शेवंतीनं एकदा आपल्या जेवणाचा डबा त्या पेटीत ठेवला तर काका केवढे ओरडले होते! "बोंबील? माझ्या पेटीत? बाटवलास माझा बर्फ!" शेवंती चेंदणी कोळीवाड्यातली, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. काचसामान धुवायला म्हणून ठेवली आणि हळूहळू सगळंच करू लागली. तीही काही कमी नाही. काकांनी तिच्यासाठी रबरी हातमोजे आणले तर तिनं ते मासळी साफ करायला घरी नेले. "शिंगाल्याचा काटा लय वंगाल असतो गो, आयस माजी खुश झाली," म्हणाली. आणि इथे आम्लाच्या बरणीत उघडे हात. हातांवर ठिकठिकाणी पांढरे डाग. सांगायला गेलं तर हसते. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध एका काचेच्या बरणीत सगळ्या नळ्या उभ्या, तोंडं वर करून. काकांची वेगळी नाही, शेवंतीची वेगळी नाही, माझी वेगळी नाही. ज्या माणसाला दुसऱ्याच्या कपाची कड चालत नाही तो दिवसभर दुसऱ्याच्या ओठातली नळी आपल्या ओठात धरतो, आणि तिच्या खालच्या टोकाला अख्खं ठाणं असतं. हे माझ्या इतक्या दिवसांत ध्यानात कसं आलं नव्हतं? मला माझाच राग आला. मी सगळ्या गोष्टींवर वाद घालणारी, शाळेच्या वक्तृत्वात ढाल मिळवलेली, मी मान मागे टाकून पाणी पिणाऱ्या काकांकडे रोज बघत होते आणि मला वाटत होतं, किती स्वच्छ आहेत.

घरी आले तर ताई ओटीवर पाय पसरून बसलेली. ताई म्हणजे वासंती, माझी मोठी बहीण, कल्याणला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचा चेहरा वाटोळा झालाय, आणि तिला सारखं दुसऱ्याच्या हातातलं हवं असतं. आख्खा पेरू दिला तर नको, माझ्या दातांनी तोडलेला अर्धा हवा. लहानपणी मी तिच्याकडून मागून खायची त्याचं जणू उट्टं काढतेय. "आण तो इकडे," ती म्हणाली, कारण तोंडातली ती खारट आठवण जावी म्हणून मी वाटेत एक पेरू घेतला होता आणि चावत आले होते. मी हात मागे घेतला. "दे की गं!" "नको." "का? किडका आहे?" "किडका नाही, माझा आहे." तिचा चेहरा पडला. आजकाल तिचा चेहरा पडला की तिच्या पोटातल्याचाही पडला असेल असं उगाच वाटतं. "मोठी झालीस हं," ती म्हणाली, "शास्त्रज्ञ झालीस." मी पेरू परसात भिरकावला आणि ते तिनं पाहिलं, म्हणजे आणखी वाईट. सांगणार काय? काकांच्या जाडजूड पुस्तकात मी निघण्यापूर्वी वाचून आले होते: काविळीचं विष रक्तातही असतं, अंगात शिरल्यावर आठवडेच्या आठवडे, महिनेसुद्धा गप्प बसतं, आणि गरोदर बाईला ही कावीळ झाली तर. त्या 'तर'च्या पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं. मला झाली असेल की नाही ते मला कित्येक आठवडे कळणार नाही. तोवर मी ताईच्या ताटात जेवायचं, तिच्या केसांत हात फिरवायचा, तिनं माझं उष्टं खायचं, आणि मी हसायचं? सांगावं तर आई त्याच पावली लॅबोरेटरीचं दार बंद करणार. "मुलीच्या जातीला रक्तामांसात हात घालायचे कशाला," हे तिचं वाक्य वर्षभर तयारच आहे, फक्त निमित्त नाही. मग अकरावीनंतर, मॅट्रिक झाल्यावर, सायन्स नाही, कॉलेज नाही. मग आहे शिवणाचा वर्ग आणि कल्याणच्याच कुणाचा तरी सांगून आलेला मुलगा. एका हसण्यापायी!

संध्याकाळी पानं मांडायच्या वेळेला मला ते सुचलं, आणि सुचल्याबरोबर इतकी चीड आली की रडू फुटायचंच बाकी राहिलं. आमच्या घरात माणसाला वेगळं ठेवायची व्यवस्था आहे. उत्तम व्यवस्था आहे. वेगळं ताट, वेगळी वाटी, वेगळा तांब्या, कोपऱ्यात वेगळं घोंगडं. कुणी शिवायचं नाही, वरून वाढायचं, वरून पाणी घालायचं, कपडे वेगळे भिजवायचे. इस्पितळातही इतकं कडक नसेल. फक्त ही सगळी व्यवस्था रोगासाठी नाही, कावळा शिवला की त्यासाठी आहे. आणि ह्याच व्यवस्थेविरुद्ध मी ह्याच उन्हाळ्यात लढले होते! शरीरशास्त्राचं पुस्तक आईच्या समोर उघडून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून, मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. "ह्यात जंतू नसतात, आई, कुणाला काही होत नाही, मी कोपऱ्यात बसणार नाही म्हणजे नाही." आठवडाभर अबोला झाला होता. शेवटी बाबा म्हणाले होते, "बसू दे तिला कुठं बसायचं ते," आणि आईनं हात टेकले होते. ती माझी आजवरची सगळ्यात मोठी ढाल. आळीतल्या दोन मुलींनी माझं बघून आपापल्या घरी वाद काढला होता. आणि आता मीच फडताळातून ते घोंगडं काढलं, खिडकीखाली अंथरलं आणि त्यावर जाऊन बसले.

आई वरणाचं भांडं घेऊन येत होती ती थबकली. "हे काय?" "बाजूला बसलेय." "अगं, तुझी वेळ नाही ही! पंधरा दिवस नाही झाले." "आलं लवकर." आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. "त्या उंच उंच स्टुलांवर बसून दुसरं काय होणार," ती म्हणाली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं ज्याची मला भीती होती, हसू. "आणि काय गं, जंतू नसतात ना त्यात? मग कोपऱ्यात कशाला बसलीस? बस की इकडे, आमच्या पंगतीला!" मी दात आवळून म्हटलं, "बसावंसं वाटलं." "येते हो अक्कल, उशिरा येते, पण येते," आई ताईला म्हणाली, आणि ताई खुदकन हसली. हातभर उंचीवरून माझ्या ताटात भात पडला. काका समोरच जेवत होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, त्यांना सगळं कळलं, मी बघितलं की त्यांना कळलं, आणि मग ते आमसुलाच्या साराचं कौतुक करू लागले. "वहिनी, सार आज नामी झालंय हं." सार! मला वाटलं आता उठावं आणि सगळ्यांच्या पानांवर उभं राहून किंचाळावं. पण उठायची सोय नव्हती, मी शिवायची नव्हते.

कोपऱ्यातून घर निराळं दिसतं. सगळ्यांच्या पायांवरून आणि पोटावरून ते सुरू होतं. ताईचं पोट माझ्या डोळ्यांच्या रेघेत येई, ती जाता-येता मुद्दाम जवळून जाई, "शिवू का? शिवू का?" करून चिडवी आणि मी खरोखरच घाबरून भिंतीला चिकटे, तेव्हा तिला वाटे मी नाटक करतेय. शाळेतून आले की पुन्हा घोंगडं. आरशाचा एक फुटका तुकडा मी खिडकीच्या गजाआड ठेवला होता आणि दर थोड्या वेळानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघत होते. पांढरं. पांढरं आहे ना? की जरा साईसारखं? आणि असं आपल्याच डोळ्यात बघता बघता मला काकांचे डोळे आठवले. दोन वर्षांपूर्वीचे, पिवळेजर्द. काकांना कावीळ झाली होती! त्यावेळी मी लहान होते, म्हणजे लहान नव्हते, पण मूर्ख होते. ते ह्याच खोलीत झोपले होते, आणि आईनं कोलशेतकडच्या एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणवली होती, बारीक बारीक काटक्या दोऱ्यात गुंफलेली, डोक्यात घालायची. कावीळ उतरत जाते तशी ती लांबत लांबत गळ्यात येते, छातीवर येते. बी.एस्सी. झालेले काका ती माळ घालून पडून राहिले होते. दोरा सैल होतो म्हणून माळ लांबते, हे त्यांना माहीत नव्हतं का? तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की स्टेशनवरचा उसाचा रस बाधला. ग्लास कुणाचे कुणाला, उष्टे. काकांनी तेव्हापासून बाहेरचं खाणंपिणं सोडलं. आणि शेवंतीच्या आधी काचसामान धुवायला महिपत होता, तोही पिवळा होऊन गावी गेला होता, तर सगळे म्हणाले, खाडीकडचं पाणी बाधलं. ऊस बाधला, पाणी बाधलं, ग्लास बाधला. घोंगड्यावर बसून मी हे एकामागून एक मांडत गेले आणि दोघांच्याही मागे मला ती नळ्यांची बरणी दिसू लागली. म्हणजे काकांना हे कळलं नव्हतं? की कळलं होतं, आणि तरी दुसऱ्या सकाळी त्यांनी नळी उचलली होती? ह्यातलं अधिक वाईट कुठलं हेच मला ठरवता येईना.

चौथ्या दिवशी न्हाणं झालं आणि माझं घोंगडं उचललं गेलं. व्यवस्था संपली. रोगाला आठवडे लागोत की महिने, आमच्या घरात चौथ्या दिवशी माणूस शुद्ध होतं. ताई आली ती सरळ माझ्या मांडीवर डोकं टाकून पडली, "किती दिवसांनी गं," म्हणाली, जणू मी परगावी गेले होते. मी अशी ताठ बसले की तिनं डोळे उघडून विचारलं, "काय झालंय तुला?" "शाळा," म्हणाले आणि उठले. शाळा शनिवारची, दुपारी सुटली. तिथून मी घरी गेलेच नाही, लॅबोरेटरीत गेले, बाही वर केली आणि काकांपुढे दंड ठेवला. "माझं रक्त घ्या."

"अगं वेडी का तू? इतक्यात काय कळणार त्यात?"

"मग केव्हा कळणार?"

"कळेल. झालीच तर कळेल. होत नाही गं काही."

"होत नाही ना? मग घ्या. बघा, आणि मला सांगा ताईजवळ बसू की नको."

माझ्या समाधानासाठी, असं दोनदा म्हणून त्यांनी रक्त घेतलं. मी स्टुलावर बसून राहिले. ते गोठलं. काकांनी नळकांडी यंत्रात घालून हातानं गरगर फिरवलं, आणि वर माझं सीरम साचलं, फिकट, स्वच्छ, गव्हाच्या काडीच्या रंगाचं. मला स्वतःच्या आतलं पाणी बघून फार विचित्र वाटलं, आणि थोडा अभिमानही. शेवंती टेबलाशी येऊन उभी राहिली, "झ्याक हाय गो तुझा, पिवला नाय काय नाय." काकांनी बरणीतून एक नळी घेतली, खालचं टोक त्यात बुडवलं, वरचं तोंडाशी नेलं. ओठ उघडले. आणि नळी ओठांपासून बोटभर अंतरावर थांबली.

मी बघत होते. काकांचे ओठ किंचित हलत होते, जसे पूजेत हलतात. मग त्यांनी नळी खाली आणली. "शेवंते, हे घे. तू ओढ. माझं आज तोंड आलंय."

"आना," शेवंती म्हणाली, पदरानं तोंड पुसलं, आणि नळी ओठांत घातलीसुद्धा. मी तिचं मनगट धरलं. "सोड गो, सांडंल!" "सांडू दे." "अगो, मना कवा काय झाला नाय!" "झालं नाही म्हणून होणार नाही का? टाक ती!" आमची झोंबाझोंबी झाली, दोघींच्याही हातात जोर, तिच्या जास्त, पण मी चिडलेली होते. नळी टेबलावर पडली, फुटली नाही, गडगडत जाऊन स्पिरिटच्या दिव्याला टेकली. माझं सीरम लाकडावर एवढंसं सांडलं.

"काका, तुम्ही का नाही ओढलंत?"

"सांगितलं ना, तोंड आलंय."

"दाखवा."

वडीलधाऱ्या माणसाला मी असं म्हणाले. म्हणताना मला माझाच आवाज आईसारखा ऐकू आला. काकांनी तोंड उघडलं नाही. खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि चष्म्याशिवाय ते एकदम कुणीतरी दमलेले, मला न आवडणारेही नव्हेत आणि आवडणारेही नव्हेत असे एक गृहस्थ दिसू लागले. "मला असंच शिकवलंय गं," ते म्हणाले. "मला दुसरं येतच नाही. मग कशानं ओढू?" आणि मला, जिला सगळं येतं, तिलाही येत नव्हतं. नुसता राग होता, आणि तोही आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी फडकं फिनेलमध्ये बुडवून टेबल पुसलं. पुसता पुसता म्हणाले, "मी आईला सांगणारेय. ताईपासून मला लांब राहायचंय, आणि कावळा शिवल्याचं सोंग मी पुन्हा करणार नाही."

"मग वहिनी तुला इथं पाऊल टाकू देणार नाही."

"माहितेय."

"कॉलेजचंही—"

"माहितेय हो, काका! सगळं माहितेय मला!"

शेवंती कोपऱ्यात मनगट चोळत उभी होती. "आनि चारला ती दूधवाल्याची बाय येल साखर बघाला," ती म्हणाली, "तिचा कोन ओढनार?" ती माझी चेष्टा करत नव्हती, तिला खरोखर विचारायचं होतं. मी काकांकडे पाहिलंही नाही. दप्तर उचललं, आणि जिन्यानं उतरायला लागले, आणि उतरताना मला एवढा संताप आला, की ही उद्याही ओढणार, मी घरी शिवण शिवत बसणार आणि ही इथे ओढतच राहणार, तर मी सांगून उपयोग काय झाला, कुणाचं काय वाचवलं मी? अर्ध्या जिन्यात मी थांबले. तेवढ्यात वरून काकांचा आवाज आला, शेवंतीला. "कुणी नाही ओढायचं. परत पाठव तिला. तूही जा घरी." मग कुलपाची किल्ली शोधल्याचा खणखणाट, दाराच्या फळ्या एकेक बसवल्याचा आवाज. एक, मग दुसरी.

आमच्याकडे भर दुपारी असं दुकान बंद झालं की एकच अर्थ असतो. खालचे किराणावाले रघुशेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी रस्त्यावर आले होते; काका उतरले ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "काय हो श्रीपादराव," रघुशेठनी हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," काका म्हणाले, आणि अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून आमच्या घराच्या दिशेनं माझ्या पुढे चालू लागले.